हिरवळीला वळसा

विश्रामबागेतल्या आमच्या घराचं फाटक उघडलं की माझा पाय आपोआप डावीकडे वळतो. समोर दार दिसत असतं, दारातली वेताची खुर्ची दिसते, खुर्चीतले आबा, माझे वडील, तेही दिसतात. पण मी सरळ जात नाही. शहाबादी फरशीच्या वाटेनं कुंपणाच्या कडेकडेनं जाते, पेरूपाशी वळते आणि मग पायरीशी पोचते. मध्ये आबांचं लॉन आहे. लॉनवर पाय द्यायचा नाही, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. आता साठी जवळ आली, गुडघे कुरकुरतात, हातात साताऱ्याहून आणलेल्या जड पिशव्या असतात, तरी वळसा काही चुकत नाही.

या ज्येष्ठात मी लेकीला घेऊन गेले होते. मुक्ता लोकांच्या बंगल्यांना बागा आखून देते, आणि हल्ली तिचा हट्ट असा की बाग करायची तर इथल्याच मातीतल्या झाडांची. तिनं व्हरांड्यात एक मोठा कागद पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून कडांवर दगड ठेवले आणि आबांना समजावू लागली. भिंतीलगत उंच झाडं, कुडा आणि पारिजातक. त्यांच्यापुढे निरगुडी, अडुळसा, लाल फुलांची धायटी. अर्ध्या सावलीत अबोली. कडेनं कोरांटीचं कुंपण. आणि अगदी पुढे, उन्हात, पावसाळ्यात आपला आपण उगवणारा तेरडा.

"बारा महिने काही ना काही फुललेलं राहील, आबा. एकदा मुळं धरली की उन्हाळ्यातही रोज पाणी मागणार नाहीत. पानं गळली तर तिथंच कुजू द्यायची. औषध मारायचं नाही. मग बघा फुलपाखरं कशी येतात ते."

कागदावर लहानमोठे हिरवे गोल होते आणि प्रत्येक गोलात सुबक अक्षरात एकेका झाडाचं नाव होतं. ती नावं वाचता वाचता मला हसू यायला लागलं. ही तर सगळी आईची झाडं. आबा ज्याला जन्मभर 'रान' म्हणत आले, ते रान नातीनं मोजूनमापून, रंगवून त्यांच्यापुढे मांडलं होतं.

आबांनी कागद नीट बघितला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आन् लॉन?"

"लॉन काढावं लागेल, आबा. ऊन तेवढ्याच जागेत आहे."

"बघू," आबा म्हणाले.

आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचं 'हो' म्हणजे हो असतं आणि 'नाही' म्हणजे नाही, पण 'बघू' म्हणजे नाहीच्याही पलीकडचं काहीतरी असतं. आम्ही लहानपणी मांजर पाळू का विचारलं, तेव्हा ते 'बघू' म्हणाले होते. गोव्याच्या सहलीलाही 'बघू' म्हणाले होते. मांजर आलं नाही, आणि गोवा मी लग्नानंतर पाहिला.

आईच्या झाडांसाठी अशी जागा मागायची वेळ खरं तर यायला नको होती. घरामागं त्यांचं हक्काचं परडं होतं. आई गेली, धाकट्या भावाचा संसार वाढला, मागं दोन खोल्या निघाल्या आणि उरलेल्या जागेत गाडीसाठी सिमेंट ओतलं गेलं. कुणाला बोल लावावा असं त्यात काही नाही. घरं वाढतात तेव्हा ती कुठल्या तरी दिशेनं वाढणारच. मला जेवढं वाचवता आलं तेवढं मी तेलाच्या रिकाम्या डब्यांत घालून साताऱ्याला नेलं आणि आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत मांडलं. तिथं ती झाडं पाहुण्यासारखी अवघडून बसली. कोरांटी फुलायची थांबली. अबोली उभ्या उभ्या वाळू लागली. पारिजातकाचं रोप कमरेएवढं झालं आणि तिथंच थबकलं. मुक्तानं एक डबा उलटा करून मला मुळं दाखवली होती. जागा न मिळाल्यामुळं ती डब्याच्या आतल्या आत गोल गोल फिरत बसली होती.

"आई, या पावसाळ्यात ही जमिनीत गेली नाहीत, तर पुढच्या उन्हाळ्यात यातलं काही उरणार नाही," ती म्हणाली होती.

आणि जमीन आता एकच उरली होती. आबांच्या हिरवळीची.

दुपारी आबा खुर्चीतच पेंगले, बाकी सगळे आडवे झाले. मी पायरीवर बसून राहिले. ढगांनी ऊन झाकलं होतं आणि कुठून तरी कापलेल्या गवताचा वास येत होता. त्या वासानं मला हाताला धरून मागं नेलं.

आबा पेन्शनीत आले तेव्हा घराच्या भिंतींना गिलावाही झाला नव्हता. पण लॉन झालं. बेळगावहून ओल्या गोणपाटात बांधून त्यांनी गवताचे ठोंब आणले, दोरी ताणली आणि उकिडवं बसून एकेक ठोंब जमिनीत दाबला. आई पदर खोचून दारात उभी राहून बघत होती. ती शेतकऱ्याच्या घरात वाढलेली. उसाच्या सरीत हरळी उपटून उपटून तिच्या बोटांना घट्टे पडलेले.

"आवं, ही तर हरळी," ती म्हणाली. "आमी जल्मभर उपटून बांधावर टाकली, आन् तुमी पोत्यात घालून घरी आणलीसा."

"ही हरळी न्हाई. लॉन हाय," आबा म्हणाले.

"व्हय का. मग नाव बदलून आली असंल, फौजेत ऱ्हाऊन."

आबांची पुढची बाग म्हणजे छावणीचा एक तुकडा होता. कडेनं तिरक्या रोवलेल्या विटा, एक गेरूनं रंगवलेली, पुढची चुन्यानं. दसरा उलटला की डेलियाची आणि साल्वियाची रोपं यायची आणि उंचीप्रमाणे रांगेत उभी राहायची. रविवारी सकाळी कापणीचं यंत्र खरखरत फिरायचं. तेलाचा आणि हिरव्या रसाचा मिळून एक वास सगळ्या घरात भरायचा. त्या वासावर आम्ही पोहे खाल्ले, अभ्यास केले, मोठे झालो. संध्याकाळी आबा खुर्ची टाकून लॉनकडं बघत बसायचे. लॉनवर कधी कुणी बसलं नाही. गणपतीला दूर्वा हव्या असल्या तरी आबाच कडेला बसून खुडून द्यायचे, नखानं, हळूच, त्या गवताला कळू नये अशा बेतानं.

घर ओलांडून मागच्या दारानं बाहेर पडलं की मात्र दुसरंच गाव लागायचं. तिथं सावली ओली असायची. न्हाणीचं पाणी पाटासारखं वळत वळत आधी अळवाला जायचं, मग अडुळशाला, आणि उरलंसुरलं पारिजातकाच्या बुडाशी जिरायचं. आईच्या बागेची आखणी तिच्या बादलीनं केली होती. उभ्या जागेवरून पाणी जिथवर फेकता येईल तिथवर बाग. निरगुडीची पानं बाळंतिणीच्या पाण्यात. अडुळशाची पानं आमच्या खोकल्यात. अबोली शुक्रवारच्या वेणीत. कोरांटीची पिवळी फुलं कुणासाठी होती कोण जाणे, पण त्यांच्यावर दिवसभर भुंगे असायचे आणि काटे असल्यामुळं तिच्या आत बुलबुल बिनघोर घरटं करायचा. पारिजातकाखाली सकाळी पाय ठेवायला जागा नसायची. आम्ही बहीणभाऊ तिथं वाकलेलो, फ्रॉकच्या ओच्यात आणि सदऱ्यात फुलं, बोटांची टोकं केशरी, आणि धुण्याच्या दगडावर आईच्या हातांचा धप धप आवाज.

ही सगळी झाडं तिनं माहेराहून आणली होती. कराडच्या पुढं, कोयनेच्या अंगाला, डोंगराच्या पोटात तिचं गाव. माहेरी गेली की लोक लुगडं आणतात, पापड आणतात. आई मुळासकट काहीतरी उपटून आणायची. कराडच्या स्टँडवर गाडी बदलताना ती नळाखाली फडकं भिजवायची आणि परत रोपाला गुंडाळायची. खिडकीशी मी, मांडीवर पिशवी, पिशवीतून ओल्या डोंगराचा वास. शेजारची बाई विचारायची, "काय भाजी का काय?" आई म्हणायची, "न्हाई वं, लेक हाय. सासरी न्यायलीय." ती बाई जी गप्प व्हायची ती इस्लामपूर येईपर्यंत.

आणि तेरडा. तो तिनं आणला नव्हता, तोच तिच्या मागं आला असावा, कुठल्या तरी रोपाच्या मातीतून. श्रावण लागला की परड्यात जिकडंतिकडं त्याची पोपटी रोपं. मग जांभळी-गुलाबी फुलं. आम्ही ती चुरून नखांना बांधायचो. पिकल्या शेंगेला नुसतं बोट लावलं की ती टचकन फुटायची आणि बिया गालावर बसायच्या. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं म्हणतात ते खरंच आहे. आमच्या परड्यात मात्र ते तीन दिवस वर्षातले सगळ्यात मोठे असायचे, कारण तेरडा म्हणजे आमची गवर. आमच्याकडं गौरीला मुखवटा नाही. तेरड्याची मुळासकट जुडी, तिला हळदकुंकू, आणि तीच लक्ष्मी. माहेरी आलेल्या लेकीनं ती पाण्याकाठून वाजतगाजत घरात आणायची. आल्या दिवशी तिला शेपूची भाजी आणि भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, तिसऱ्या दिवशी पाठवणी.

आता इतरांच्या घरी गवर फाटकातून सरळ दारात येते. आमच्याकडं ती लॉनला वळसा घालून यायची. आई पहाटे रांगोळीची पावलं काढायची ती फाटकापासून डावीकडं, कुंपणाच्या कडेनं, पेरूपाशी वळून, पायरीपर्यंत. फरशीच्या वाटेवरून देवीची इवली पावलं अगदी शिस्तीत वळण घेत यायची. एकदा मी आईला विचारलं होतं, "आई, देवाला पण लॉनवर पाय द्यायचा नाही?"

आई रांगोळीची चिमूट थांबवून हसली. "देव असली म्हणून काय झालं? आपल्या घरची लेकच हाय की. बापाचा धाक नको व्हय तिला?"

पायरीवर बसल्या बसल्या मला ते हसू स्पष्ट ऐकू आलं. आईनं कधी तक्रार केली नाही. दूधवाला आला की वळसा, भाजीवाला आला की वळसा. डोक्यावर दळणाचा डबा असला तरी वळसा. त्या वाटेच्या फरशा तिच्या पायांनी गुळगुळीत झाल्या आहेत. मला एकदम आबांचा राग आला. ऐंशी ओलांडलेल्या म्हाताऱ्या बापाचा राग येणं बरं नव्हे, पण आला. एका गवतासाठी किती ते. आणि मग खुर्चीत डुलक्या घेणाऱ्या त्यांच्याकडं बघितलं, तर त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवरून लॉनच्या बाजूला लोंबत होता. आई गेली, मित्र गेले, कापणीचं यंत्र ढकलायची ताकद गेली. आता भाऊच ते यंत्र फिरवतो आणि आबा खुर्चीतून त्याला रेघ चुकल्याचं सांगतात. तेवढं एक हिरवं चौकोनी काहीतरी त्यांच्या हुकमात उरलंय. ते तरी मी कुठल्या तोंडानं मागत होते, कळेना.

संध्याकाळी आम्ही निघालो. आबा फाटकापर्यंत आले, वळसा घालूनच. कागदाविषयी बोलले नाहीत. मुक्ता गाडीत फुरंगटून बसली होती.

आषाढ गेला. दर रविवारी मी फोन करायची, तब्येत विचारायची, पाऊस विचारायची, आणि शेवटी, "आबा, बघितलं का?"

"बघतोय," आबा म्हणायचे.

श्रावणात गॅलरीतल्या डब्यांत तेरडा उगवला. कुणी पेरला नव्हता. कोरांटीच्या डब्यात, अबोलीच्या डब्यात, जिथं बोटभर माती मोकळी होती तिथं त्याचं पोपटी डोकं. अजिंक्यताऱ्यावरून येणारा वारा त्याला झोडपत होता आणि तो आडवा पडून परत उठत होता. पारिजातकाची पानं मात्र खालून पिवळी पडायला लागली होती. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्याजवळ उभी राहायची. पान गळलं की उचलून परत डब्यात टाकायची.

गणपती बसले आणि भावजयीचा फोन आला. रेखा नेहमी घाईत असते, पण त्या दिवशी तिचा आवाज जरा वेगळा होता.

"ताई, गवर आणायला येताय ना? आबांनी सांगितलंय, डबे घेऊन या म्हणावं."

"कुठले डबे?"

"झाडांचे. सगळे आणा म्हणालेत."

आम्ही मुक्ताच्या गाडीत मागची सीट पाडून डबे भरले. पारिजातक खिडकीतून अर्धा बाहेर. कराडला पूल ओलांडताना मी काच खाली केली. नदी गढूळ, भरलेली. दोन्ही बाजूंनी ऊस पुरुषभर उंच झाला होता, त्याचा ओला गोडसर वास गाडीत शिरला आणि डब्यांतल्या मातीच्या वासात मिसळला. मुक्ता एकदा म्हणाली, "आबा मागच्या सिमेंटवर ठेवा म्हणाले तर?" मलाही तीच भीती होती.

घराशी पोचलो. रेखानं फाटकाबाहेरच्या नळावर तांब्या भरून ठेवला होता. मी डब्यांतला तेरडा मुळासकट उपटला, मुळं धुतली, जुडी बांधली, हळदकुंकू लावलं. शेजारच्या दोघी-चौघी जमल्या. कुणीतरी ताट वाजवायला घेतलं. जुडी पदराखाली धरून मी फाटकात उभी राहिले आणि खाली बघितलं.

फरशीच्या वाटेवर पावलं नव्हती.

पावलं लॉनवर होती. पांढरी, मैदानावर मारतात त्या फक्कीची. फाटकापासून थेट पायरीपर्यंत, एका रेषेत. डावं, उजवं, डावं, उजवं. दोन पावलांतलं अंतर कुठंही बोटभर कमीजास्त नव्हतं. आईची रांगोळीची पावलं इवलीशी असायची. ही चांगली माणसाएवढी होती आणि कवायतीला निघाल्यासारखी ताठ चालली होती. हिरव्यागार गवतावर ती इतकी पांढरी दिसत होती की शेजारणी ताट वाजवायचं विसरल्या.

"सकाळपासनं बसलेत," रेखा माझ्या कानाशी म्हणाली. "दोरी लावली, पट्टी घेतली. गुडघे दुखत होते तरी मला हात लावू दिला नाही."

आबा दारात उभे होते. इस्त्रीचा सदरा, हातात काठी. त्या वेळी दारात घरच्या बाईनं उभं राहायचं असतं, त्यांना ते ठाऊक असणारच. पण त्यांना बाजूला कोण सरकवणार?

"ये की," ते म्हणाले. "सरळ ये."

"आबा, लॉन..."

"गवर गेली की परवा खणा. पोरीला म्हणावं, तिच्या कागदापरमानं समदी झाडं लाव. माझं काय म्हणनं न्हाई." मग ते थांबले. काठी या हातातून त्या हातात घेतली. "पन त्याच्या आदी एकदा तरी हितनं सरळ येऊ दे म्हनलं गवरीला. म्हनून इतके दिस थांबवलं तुमास्नी. तुझी आई हुती तवा तिला सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

मुक्तानं माझ्या चपला काढून घेतल्या.

मी पहिल्या पावलावर पाय ठेवला. पावसानं गवत गार झालं होतं. पाती बोटांच्या मधून वर आली, टाचेखालची जमीन जराशी दबली आणि परत वर उचलली गेली. मी चालत राहिले. माझ्यामागं ताट वाजायला लागलं होतं, तेरड्याची ओली मुळं छातीशी गार लागत होती, आणि मला आईचे पाय दिसत होते. धुण्याच्या दगडापाशी उभं राहून भेगाळलेल्या टाचा, रात्री त्यांना ती कोकम तेल लावायची. लॉन इतकं मऊ असेल असं मला वाटलं नव्हतं. एवढी वर्षं त्या घरात राहून ते तिला कधीच कळलं नाही.